मालकानं काढायचं दावं

बोरी बुद्रुक,
३ मार्च २००४

वैरागर गुरुजींना त्यांच्या शाळेतल्या सावळाराम कोरडेचा पाया पडून नमस्कार.

गुरुजी, दोन कागद फाडले. शुद्ध लिहायला गेलं की वकिलानं लिहून दिल्यावानी वाटतंय, म्हणून बोलतो तसंच लिहितो. तुमी रागवाल. पण रागवायला तुमाला माझ्याकडं याच्यापेक्षा मोठं कारण हाय.

तुमची लेक स्नेहल फाट्यावर एस.टी.ला उभी व्हती अन् माझ्या पिकअपखाली गेली, त्याला अडीच वर्सं झाली. मागच्या महिन्यात कोर्टानं मला सोडलं. निकालात लिहिलंय की ब्रेक अचानक फेल झाला, ड्रायव्हरचा दोष दिसत न्हाई.

गुरुजी, ब्रेक अचानक फेल झाला नव्हता. बरेच दिवस पायडल खाली जात व्हतं. दोन-तीनदा दाबलं की धरायचं. टमाट्याचा तोडा चालू व्हता, गाडी गॅरेजला लावली तर माल झाडावर सडला असता. म्हणलं, तोडा संपू दे. वकील म्हणला, हे तोंडातून काढू नको. तवा काढलं न्हाई. आता काढतोय.

निकालापासून दर रविवारी मी तुमच्या चर्चबाहेर रस्त्याच्या कडंला येऊन बसतो. तुमी मला पाहिलंय. तुमी मागच्या दारानं जाता.

माझा प्रश्न एवढाच हाय, तुमच्यात हे फेडायचं कसं? आमच्या भटजीला इचारलं. तो म्हणला, ज्याचं माणूस गेलं त्याच्या धर्मातलं प्रायश्चित्त घे, मग लागू पडंल. लोक सांगत्यात की तितले पुजारी तुमीच, दर रविवारी तुमीच वाचता. तवा तुमी सांगाल ते करीन. उपास, मुंडण, काय बळी लागत आसंल तर तो बी. अंजना म्हणती, "कोर्टानं सोडलं, तुमीच तुमाला धरून बसलाय."

तुमचा,
सावळाराम

*

जुन्नर,
१६ मार्च २००४

सावळाराम कोरडे यास,

तुझे पत्र मिळाले. त्यातील अशुद्धे या वेळी दुरुस्त करून परत पाठवीत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. मी याजक, म्हणजे तू म्हणतोस तसा पुजारी, नाही. दीक्षा घेतलेले पाळकसाहेब पुण्याहून महिन्यातून एकदा येतात. इतर रविवारी मंडळीतील एक वडील माणूस या नात्याने मी शास्त्रवाचन करतो आणि प्रार्थना चालवितो. याहून अधिक अधिकार मला कोणी दिलेला नाही, आणि मी तो कधी घेतलेला नाही.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. प्राचीन काळी इस्राएल लोकांत महायाजक वर्षातून एकदा पशूचे रक्त घेऊन परमपवित्र स्थानात जात असे आणि लोकांच्या पापांबद्दल प्रायश्चित्त करीत असे. ते दरवर्षी करावे लागे. कारण पशूच्या रक्ताने मनुष्याचे पाप जात नाही. आमची श्रद्धा अशी आहे की, ख्रिस्त हा महायाजक झाला आणि अर्पणही तोच झाला. ते एकदाच झाले. पुन्हा करावे लागत नाही आणि करू म्हटले तरी करता येत नाही. म्हणून आमच्यात उपास, मुंडण, बळी यांपैकी काहीही प्रायश्चित्त म्हणून नाही. मनुष्याने पश्चात्ताप करावा आणि जे दिले गेले आहे ते स्वीकारावे. तुला करण्यासारखे काही उरलेले नाही.

ब्रेकविषयी लिहिलेस, ते वाचले.

रस्त्याच्या कडेला बसत जाऊ नकोस. तेथे वाहनांची फार वर्दळ असते.

शां. ब. वैरागर

*

बोरी बुद्रुक,
२२ मार्च २००४

गुरुजींना नमस्कार.

पत्र मळ्यात बसून वाचलं. मग घरी येऊन अंजनाला वाचून दाखवलं. ती म्हणली, "बघा, ते बी म्हणत्यात काय करायचं न्हाई. झालं तर मग, जेवा आता." तिला वाटलं, तुमी मला सोडलं. मला तसं वाटलं न्हाई.

गुरुजी, करायला काय नसणं हे लई वंगाळ हाय. मी शेतकरी माणूस. बांध फुटला तर माती टाकतो, जनावर आजारी पडलं तर रातभर बसतो. हातानं करायचं काय तरी असलं की माणूस उभा राहतो. तुमी म्हणता, सगळं आधीच कुणी तरी करून ठेवलंय. आसंल. पण त्यांनी ते केलं तवा माझी गाडी नव्हती अन् स्नेहल नव्हती. मी त्यांना चिरडलं न्हाई, तुमच्या पोरीला चिरडलं. मग त्यांनी सोडलं म्हणजे तुमी सोडलं, असं धरायचं का?

आजून एक इचारतो, उद्धट वाटलं तर माफी. सगळं फिटलंय तर तुमी मागच्या दारानं का जाता?

गाडी परसात उभी हाय. कोंबड्या तिच्यात अंडी घालत्यात. मी हात लावत न्हाई.

सावळाराम

*

जुन्नर,
१२ एप्रिल २००४

सावळाराम यास,

तुझ्या पत्राला उत्तर देण्यास तीन आठवडे लागले. मी कोणालाही उत्तरासाठी इतके तिष्ठत ठेवीत नाही.

तुझा प्रश्न उद्धट नव्हता. तो बरोबर होता, म्हणून अधिक त्रासदायक होता.

शुक्रवारी उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे होता. त्या दिवशी वधस्तंभावरील शब्दांवर बोलण्याचे काम कित्येक वर्षे माझ्याकडे आहे. ख्रिस्ताने आपल्याला मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली, त्यावर मी दरवर्षी बोलतो आणि लोक डोळे पुसतात. या वर्षी प्रकृतीचे कारण सांगून ते काम मी दुसऱ्याकडे दिले. प्रकृती उत्तम होती.

काल पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर. पाळकसाहेब आले होते, प्रभुभोजन होते. आमच्यात नियम असा आहे की, ज्याने आपल्या बंधूला क्षमा केलेली नाही त्याने त्या भाकरीला आणि त्या प्याल्याला हात लावू नये. प्याला माझ्यापर्यंत आला आणि मी तो शेजारच्याकडे दिला. स्नेहल गेल्यापासून मी असेच करीत आलो आहे. पूर्वी मला वाटे की, हे केवळ दुःखामुळे होते. तुझे ब्रेकचे वाक्य वाचले आणि मला त्याचे खरे नाव कळले.

उपासनेनंतर मी पाळकसाहेबांना एका बाजूला घेतले. ते वयाने माझ्या मुलासारखे आहेत. मी म्हटले, "आपण दीक्षा घेतलेले आहात. आपण बोरीला जा आणि त्या मनुष्याला पापक्षमेचे वचन सांगून या."

ते म्हणाले, "जातो की. पण देवाच्या वतीने सांगेन. तुमच्या वतीने कोण सांगणार?"

मी म्हटले, "माझ्या वतीनेही आपणच सांगा. याजकाचे कामच ते."

ते हसले. म्हणाले, "गुरुजी, तरुणसंघाला धडा कोण देतं, की आपल्यात प्रत्येक विश्वासणारा याजक आहे, मधे दुसरा माणूस लागत नाही? तुम्हीच ना? मग आता मला मधे का घालता?"

धडा मीच देतो. उदाहरणांसह देतो. तो मला असा परत येईल, याची कल्पना नव्हती.

घरी आल्यावर आमच्या सोनीबाईंना हे सांगितले. त्या माझ्या पत्नी आहेत आणि स्नेहलची आई आहेत. त्यांना माझ्याइतके शास्त्र येत नाही. भांडी घासता घासता म्हणाल्या, "सगळ्या जुन्नरला क्षमा शिकवली तुम्ही. आता एका माणसाला सांगायची, तर जीभ जड झाली होय?" मी विचारले, "तुम्ही केली आहे काय?" त्यांनी नळ मोठा सोडला.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे, की देवाने सोडले म्हणजे मी सोडले, असे धरता येत नाही. माझे मलाच करावयाचे आहे. ते मला होत नाही. तुला करण्यासारखे काही उरले नाही असे मी लिहिले, ते शास्त्राप्रमाणे योग्यच आहे; परंतु ते लिहिताना मला बरे वाटले होते, आणि वाटावयास नको होते.

शां. ब. वैरागर

*

बोरी बुद्रुक,
१९ मे २००४

गुरुजींना नमस्कार.

तुमी एवढं मोठं पत्र लिहिलं, त्याचं ओझं मला झालं. माझ्यापायी तुमचं देवाघरचं जेवण बंद पडलंय हे मला म्हाईत नव्हतं. म्हणजे मी एकीलाच मारलं न्हाई, तुमचं बी काय तरी मारलं.

तुमच्यात करायला काय नसंल तर मी आमच्यातलं करतो. आमच्या आज्याच्या गोठ्यात शेजाऱ्याची गाय बांधली व्हती. दावं आखूड बांधलं गेलं, ती गळफास बसून मेली. आज्यानं तेच दावं आपल्या गळ्यात घातलं अन् गावोगाव भीक मागितली. शेवटी गायीच्या मालकाच्या दारात जाऊन उभा राहिला. मालकानं दावं काढलं, पाणी पाजलं, मग आज्या घरी आला. दावं मालकानंच काढायचं असतं. आपलं आपण काढलं तर ते पाप तसंच राहतं.

भटजीला सांगितलं तर म्हणला, "आरं, ते गायीचं. माणसाचं असं कुठं शास्त्रात न्हाई." मी म्हणलं, शास्त्रात नसंल, आमच्या घरात हाय.

आज्या मुका फिरला, कारण गाय कशी मेली ते सगळ्यांना म्हाईत व्हतं. माझं कुणाला म्हाईत न्हाई, म्हणून मी दारोदार बोलणार हाय. एकच वाक्य. "ब्रेक गेलाय हे मला ठाऊक व्हतं." बोरी, आळे, येडगाव असं करत जुन्नरला येतो. अंजना रडती. वकिलाला कळलं तर तो म्हणला, हा येडा झालाय.

गुरुजी, तुमी बलावलं म्हणून मी येत न्हाई. रागवू नका.

सावळाराम

*

जुन्नर,
२ जून २००४

सावळाराम यास,

सोमवारी सकाळी तू आमच्या दारात उभा होतास. तू ते वाक्य म्हटलेस. सोनीबाईंनी बाहेर येऊन तुझ्या पसरलेल्या उपरण्यात भाकरी टाकली आणि त्या आत आल्या. त्यानंतर तू दुपारपर्यंत उभा राहिलास आणि निघून गेलास. तुला वाटले असेल, मी घरी नव्हतो.

मी दाराआड होतो. माझ्यात आणि तुझ्यात एक फळी होती. तुझा श्वास मला ऐकू येत होता.

मी बाहेर का आलो नाही, याची दोन कारणे आहेत. पहिले कारण लिहिणे सोपे आहे. मी ते दावे काढले असते, तर त्या दाव्याने काही फिटले असे मी मान्य केल्यासारखे झाले असते. माझ्या हातून एक मनुष्य आपल्या कष्टांनी शुद्ध ठरला असता, आणि मी त्याला शुद्ध ठरविणारा याजक ठरलो असतो. ज्या गोष्टीच्या विरुद्ध मी जन्मभर शिकविले, तीच माझ्या उंबरठ्यावर माझ्या हातून घडली असती. हे कारण खरे आहे. यात खोट नाही.

दुसरे कारण या पहिल्याच्या मागे उभे होते. तुला दाव्यात पाहून मला समाधान वाटले. तू उन्हात उभा होतास आणि माझ्या मनात आले, आणखी थोडा वेळ उभा राहू दे. स्नेहलला उचलून नेईपर्यंत ती रस्त्यावर जितका वेळ होती, तितका तरी राहू दे.

असा मनुष्य दुसऱ्याच्या गळ्यातले काय काढणार?

सोनीबाई माझ्याशी बोलत नाहीत. तुला भाकरी देताना त्या काही बोलल्या काय? मी विचारले, तर म्हणाल्या, "त्याला विचारा."

तू घरी जाऊन ते दावे काढून ठेव. ही माझी विनंती आहे.

शां. ब. वैरागर

*

बोरी बुद्रुक,
२४ जून २००४

वैरागर गुरुजींना अंजना सावळाराम कोरडे हिचा नमस्कार.

मी कुणाला पत्र लिहीत न्हाई. सवय न्हाई. पण आता हे बोलायचंच बंद झाल्यात, म्हणून लिहिती.

तुमची सगळी पत्रं यांनी मला वाचून दाखवली. तुमी दावं काढायला सांगितलं, ते बी वाचलं. मी म्हणलं, "आता तरी काढा, गुरुजींनी लिहिलंय." तर म्हणत्यात, "लिहून निघत न्हाई. मालकानं हातानं काढायचं." मी म्हणलं, "गाय मेली तर मालक असतो. पोरीला बाप असतो, मालक नसतो. तुमचा हिशोबच चुकलाय." तर उठून गोठ्यात गेले.

गुरुजी, मला तुमचं शास्त्र कळत न्हाई. यांचं बी कळत न्हाई. गोठ्यात झोपत्यात. काथ्याचं दावं, घाम मुरून आवळलंय. मानेला जखम झालीया, तिच्यात पू झालाय, माशा बसत्यात. डॉक्टर म्हणला आधी दावं कापा, तर हे तितनं उठून आले. गावातली पोरं मागनं हंबरत्यात. तापानं अंग तापलंय, तरी औषधाला हात लावत न्हाईत.

तुमची बाई यांना भाकरी देताना म्हणली व्हती, "लई लांबून आलाय, खाऊन घे." एवढंच. ते मला दहादा सांगितलं यांनी.

तुमचं दुःख मोठं हाय, मला ठाऊक हाय. तुमाला माफ करा म्हणायला मी कोण? माफ करूच नका. पण माझा माणूस माझ्या डोळ्यांम्होरं मरतोय. तुमाला दोघांना काय ठरवायचं ते तुमी मागनं ठरवा.

अंजना

*

जुन्नर,
६ जुलै २००४

सावळाराम यास सलाम.

हा शब्द आम्ही ख्रिस्ती लोक आपल्या माणसांना लिहितो. तो लिहावा की नाही, यावर मी बराच वेळ घालविला. आता लिहिला आहे.

अंजनाबाईंचे कार्ड आले की ताप उतरला आणि तू भात खाल्लास. सोनीबाईंनी ते दोनदा वाचून घेतले. औषधाचा क्रम पुरा करावा. बरे वाटू लागले म्हणून मध्येच सोडू नये.

गेल्या मंगळवारी मी तुझ्या गोठ्यात आलो होतो. तू तापात होतास, म्हणून तुला किती आठवते हे मला ठाऊक नाही. तू लोकांना चुकीचे सांगू नयेस, यासाठी जे घडले ते नीट लिहून ठेवतो.

मी एस.टी.ने आलो. फाट्यावर गाडी बदलावी लागते. स्नेहल जेथे उभी होती, तेथेच मलाही उभे राहावे लागले, कारण थांबा तोच आहे. तेथूनच परत फिरावे, असे मला वाटले. जुन्नरची गाडी समोर आली होती आणि तिच्यात जागा होती.

गोठ्यात आल्यावर मी तुला म्हटले, "मान खाली कर." तू केलीस. गाठ सुटेना. माझी बोटे आता म्हातारी झाली आहेत. अंजनाबाई म्हणाल्या, "गुरुजी, विळा आणू का?" मी विळा घेतला आणि दोन बोटे दाव्याच्या आत घालून ते कापले. कातडी त्याला चिकटली होती. तू ओरडला नाहीस.

मग तू विचारलेस, "झालं का, गुरुजी?"

मी म्हटले, "दावे निघाले."

तेवढेच खरे होते. अधिक काही बोललो असतो, तर मी तुझ्यासमोर खोटे बोललो असतो, आणि एवढ्या यातना सोसलेल्या मनुष्यासमोर ते करणे मला शक्य झाले नाही. अंजनाबाई माझ्या पाया पडू लागल्या, तेव्हा मी त्यांना थांबविले. त्यांनी क्षमा समजून पाया पडू नये, म्हणून थांबविले.

मी ते का कापले, हे मी माझ्या मनाला पुष्कळदा विचारले. ख्रिस्ताच्या प्रेमाने कापले, असे मला लिहिता आले असते, आणि कोणी आक्षेप घेतला नसता. परंतु मी कापले ते जखम पाहून. बैलाची असती तरीही कापले असते. यात पुण्य नाही, याजकपण नाही आणि तुझ्या आज्याच्या रीतीप्रमाणे मालकाने केलेली सुटकाही नाही. तू मला पाणी मागितलेस, ते मी तुला पाजले. तेही तू तहानलेला होतास म्हणून.

परवा रविवारी पाळकसाहेब येऊन गेले. प्याला आला. मी तो हातात घेतला, नेहमीपेक्षा अधिक वेळ धरला, आणि शेजारच्याकडे दिला. सोनीबाईंनी मात्र घेतला. मला न सांगता घेतला. त्या माझ्या बाजूलाच बसल्या होत्या, आणि आमच्यात एवढे अंतर पडलेले मी आजवर पाहिले नव्हते.

मी आता सत्तरी ओलांडली आहे. माझे वडील म्हणत की, मनुष्याने जे शिकविले त्याची परीक्षा त्याला एकदा तरी द्यावी लागते. मी दुसऱ्यांच्या पुष्कळ परीक्षा घेतल्या. ही मला देता येत नाही. उत्तर येते, संपूर्ण, क्रमवार, आधारांसह येते. ते तोंडातून निघत नाही. मी प्रार्थना करतो की ते निघावे. कधी कधी प्रार्थना करतो की निघू नये, कारण ते निघाले की स्नेहलचे माझ्याकडे काहीच राहणार नाही, असे भय वाटते. हे मी पाळकसाहेबांनाही सांगितलेले नाही.

तू रविवारी येऊ इच्छित असलास, तर रस्त्याच्या कडेला बसू नकोस. आत शेवटचे बाक रिकामे असते. तेथे बसण्यास कोणाची परवानगी लागत नाही. ते माझे नाही. मी मागच्या दाराने जाणार नाही, असे वचन मात्र देता येत नाही. पुढच्या दाराने निघालो आणि तुझ्याजवळून न बोलता गेलो, तर तेवढ्यावरून काही ठरवू नकोस.

या पत्राला उत्तर पाठवू नकोस, असे लिहून येथे थांबणार होतो. ते लिहून खोडले आहे; खोडलेले तुला वर दिसेलच. पाठविलेस, तर मी ते वाचीन.

शांतवन वैरागर